अंगावरचं दूध आणि डब्याचं दूध: दोन्हींचा मेळ कसा घालायचा

बाळ अंगावर पीत असताना डब्याचं दूध सुरू करायची वेळ आली की घरात दोन टोकांची मतं निघतात. एक म्हणतं, ‘बाटली लागली की पोर अंगावर यायचंच नाही.’ दुसरं म्हणतं, ‘पोट भरल्याशी कारण, दे की डबा.’ दोन्हींत थोडं थोडं तथ्य आहे. त्यातलं खरं कुठलं ते कळलं, की उरतं ते माप आणि वेळ सांभाळायचं काम.

छातीत दूध किती बनणार हे मुख्यतः किती दूध बाहेर निघालं यावर ठरतं. दूध साठून राहिलं की बनण्याचा वेग मंदावतो, छाती मोकळी झाली की वाढतो. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू जरूर खावेत, बाळंतिणीला भूकही तेवढीच लागते. पण बाळ ओढत नसेल आणि दूध काढलंही जात नसेल, तर लाडवांचा डबा संपला तरी पान्हा वाढत नाही. म्हणून वरच्या दुधाची एक पाळी देताना दर वेळी एकच प्रश्न विचारायचा: या पाळीचं अंगावरचं दूध कुठे गेलं? बाळाच्या पोटात, काढून वाटीत, की तसंच साठून राहिलं? उत्तर वारंवार ‘साठून राहिलं’ असं येऊ लागलं, तर महिन्याभरात दूध आटतं आणि दोष मात्र बाटलीच्या माथी जातो.

खरंच कमी पडतंय का?

वरचं दूध विनाकारण सुरू होण्याचं नेहमीचं कारण म्हणजे संध्याकाळ. पहिल्या दोन-तीन महिन्यांत बरीच बाळं संध्याकाळी पाच ते दहाच्या दरम्यान दर अर्ध्या तासाने अंगावर मागतात, रडतात, सोडतात, पुन्हा धरतात. यावरून दूध संपलं असं समजू नये. बाळाची ती पिण्याची तऱ्हा आहे. सहाएक आठवड्यांनंतर छाती मऊ लागणं, पूर्वीसारखं दूध न झिरपणं, पंपाने जेमतेम ३० मिली निघणं, बाळाने मूठ चोखणं, रात्री उठणं, यांपैकी काहीही कमी दुधाचा पुरावा नाही. पंप आणि बाळाची ओढ यांत फार फरक असतो.

पुरावा दोनच ठिकाणी मिळतो: वजनकाट्यावर आणि लंगोटात. जन्मानंतर वजन थोडं उतरतंच. ७ टक्क्यांपर्यंत उतरलं तर सहसा काळजी नसते. १० टक्क्यांच्या आसपास गेलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांनी बाळाला आणि पाजण्याच्या पद्धतीला प्रत्यक्ष पाहायला हवं. दहा ते चौदा दिवसांत बाळ जन्मवजनावर परत यावं आणि पुढे पहिले तीन महिने दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम वाढावं. वजन एकाच काट्यावर, उघड्या अंगाने करायचं. आज एका दवाखान्यात आणि परवा दुसऱ्या ठिकाणी केलं, तर शंभर-दीडशे ग्रॅमचा फरक काट्याचाच निघू शकतो. पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत किमान सहा वेळा चांगली शू हवी, फिकट रंगाची. पाचव्या दिवसानंतरही लंगोटावर विटकरी डाग दिसत असतील, तर पोटात दूध कमी जातंय असं धरायचं.

कमी पडतंय हे ठरल्यावरही डबा फोडण्याआधी दोन गोष्टी बघायच्या. पहिली म्हणजे पकड. तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी छातीला टेकलेली, खालचा ओठ बाहेर वळलेला, स्तनाग्राबरोबर भोवतीचा काळा भागही बराचसा तोंडात, आणि गिळल्याचा आवाज. स्तनाग्र चिरत असेल किंवा तोंडातून लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चपटं होऊन बाहेर येत असेल, तर पकड चुकली आहे. दुसरी गोष्ट म्हणजे स्वतःचं काढलेलं दूध. वरून द्यायचंच असेल तर पहिला मान त्याचा, फॉर्म्युला म्हणजे डब्याचं दूध त्यानंतर. बाळ वेळेआधी जन्मलेलं आणि रुग्णालयात असेल, तर दुग्धपेढीतल्या, म्हणजे इतर मातांनी दान केलेल्या दुधाबद्दल जरूर विचारा. मुंबईच्या सायन रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे.

आणि काही वेळा डबा लागतोच. जुळी मुलं, रक्तातली साखर उतरलेलं नवजात बाळ, थायरॉइड किंवा पीसीओएसमुळे (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडामुळे) दूध कमी येणारी आई, स्तनाची शस्त्रक्रिया झालेली आई, कामावर रुजू होणं. यात कुणाचा नाकर्तेपणा नाही. अशा वेळी उपाशी बाळाला ‘अजून थोडी वाट बघू’ म्हणत ताटकळत ठेवणं जास्त घातक. भुकेलं बाळ थकतं, थकलं की नीट ओढत नाही, आणि ओढलं नाही की दूध आणखी कमी होतं.

किती द्यायचं

पहिल्या दिवसांत मापं फारच लहान असतात. निरोगी बाळ एका वेळेला पहिल्या दिवशी २ ते १० मिली घेतं, दुसऱ्या दिवशी ५ ते १५, तिसऱ्या दिवशी १५ ते ३० आणि चौथ्या दिवशी ३० ते ६०. पहिल्या दिवशीचा चीक चमचा-दोन चमचेच येतो, कारण बाळाला तेवढाच लागतो. त्याच दिवशी कुणी ६० मिली फॉर्म्युला पाजला, तर बाळ सहा तास झोपून राहतं आणि छातीला जाग आणायची वेळ निघून जाते.

पहिल्या आठवड्यानंतर ढोबळ हिशेब असा: फक्त डब्यावर असलेल्या बाळाला दिवसाला किलोमागे साधारण १५० मिली. मिश्र पाजताना यातला काही भागच डब्यातून द्यायचा असतो. समजा तीन आठवड्यांचं, ३.४ किलोचं बाळ आहे आणि दिवसाला १० ग्रॅमच वाढतंय. एकूण गरज ५१० मिलीच्या आसपास. अशा बाळाला सगळं ५१० वरून देण्याची गरज नाही. अंगावरचं बरंच येतंय, थोडं कमी पडतंय. दिवसातल्या चार-पाच पाळ्यांना अंगावर पाजून झाल्यावर ३० मिली द्यायचं, म्हणजे १२० ते १५० मिली होतात. तीन दिवसांनी वजन बघायचं. २५-३० ग्रॅमच्या गतीला लागलं की तिथेच थांबायचं. बाळ मागतंय म्हणून ३० चे ६०, ६० चे ९० करत जायचं नाही. बाटली तोंडात दिली की पोट भरलेलं बाळसुद्धा थोडं ओढतंच. आरंभीचा आकडा मात्र बाळ पाहणाऱ्या डॉक्टरांकडूनच घ्या, विशेषतः बाळ कमी दिवसांचं किंवा कावीळ झालेलं असेल तर.

दोन पद्धती

आधी अंगावर, मग वरचं: दूध वाढवायचं असेल तेव्हा ही पद्धत. दोन्ही बाजूंना पाजायचं. ओढ मंद झाली की छाती हाताने हलकेच दाबून धार द्यायची. गिळणं थांबलं की बाजू बदलायची. साधारण अर्ध्या तासात हे आटोपून मग ठरलेलं माप द्यायचं. नंतर १० ते १५ मिनिटं पंपाने किंवा हाताने दूध काढायचं आणि ते पुढच्या पाळीला वापरायचं. हे तिहेरी काम दमवतं. पाजा, वरचं द्या, काढा, भांडी धुवा, आणि तोवर पुढची पाळी दारात उभी. म्हणून सगळं मिळून तासाभरात बसवायचं आणि काही दिवसांपुरतंच करायचं. काढणं रोज आठ वेळा जमत नसेल तर पाच वेळा करा, पण रात्रीची एक वेळ सोडू नका. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री चढं असतं. बाटली नवऱ्याने किंवा आजीने द्यावी आणि तेवढ्या वेळात आईने पंप करावा. घरातल्या मदतीचा यापेक्षा चांगला उपयोग दुसरा नाही.

एखादी पूर्ण पाळी बदलणं: कामावर जाणाऱ्या आईसाठी, किंवा ठरवून मिश्र पाजायचं असेल तेव्हा ही पद्धत. एका वेळी एकच पाळी बदलायची आणि पुढची बदलण्यापूर्वी चार-पाच दिवस जाऊ द्यायचे. छाती दगडासारखी झाली तर आराम पडेल एवढंच काढायचं. एकदम तीन पाळ्या बंद केल्या की गाठी होतात, छाती लालबुंद होते, थंडी वाजून ताप येतो. रात्रीच्या आणि पहाटेच्या पाळ्या शक्यतो अंगावर ठेवा. त्या वेळी दूध भरपूर असतं आणि उठून पाणी उकळावं लागत नाही.

जमलं तर पहिले तीन-चार आठवडे बाटली टाळून वरचं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्या. बाळ उभट धरायचं, चमचा खालच्या ओठावर टेकवायचा आणि बाळाला स्वतः ओढू द्यायचं. घशात ओतायचं नाही.

डब्याचं दूध कालवणं

सहा महिन्यांपर्यंत पहिल्या टप्प्याचाच फॉर्म्युला. पावडर निर्जंतुक नसते हे बऱ्याच घरांत माहीत नसतं. तिच्यात क्रोनोबॅक्टर नावाचा जिवाणू असू शकतो, तो दुर्मीळ पण लहान बाळाला जीवघेणा ठरू शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना ७० अंशांहून कमी नसलेल्या पाण्यात पावडर कालवायला सांगते. काही डब्यांवर कोमट पाणी लिहिलेलं असतं. बाळ दोन महिन्यांपेक्षा लहान किंवा कमी वजनाचं असेल तर गरम पाण्याचीच पद्धत धरा.

१. बाटली, निपल, चकती, झाकण वेगवेगळं करून ब्रशने साबणाच्या पाण्यात घासा. निपलच्या भोकात आणि चकतीच्या आट्यांत साय अडकते, तिथे आवर्जून बघा. मग पातेल्यात सगळं पूर्ण बुडवून १० मिनिटं उकळा. हवेचा बुडबुडा राहिला तर तेवढा भाग उकळत नाही.

२. पाणी खळखळ उकळू द्या. आरओचं असो वा सीलबंद बाटलीचं, उकळायचंच. एक लिटर उकळलेलं पाणी झाकून ठेवलं तर अर्ध्या तासाच्या आत वापरायचं, म्हणजे ते पुरेसं गरम राहतं. कपभरच उकळलं तर फार लवकर निवतं. रात्रीसाठी उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरून ठेवा.

३. आधी पाणी, मग पावडर. बाटलीवरच्या खुणेपर्यंत पाणी घाला, बाटली सपाट जागी ठेवून माप डोळ्यांच्या पातळीवर वाचा. भारतात मिळणाऱ्या बहुतेक डब्यांचं माप ३० मिली पाण्याला एक सपाट स्कूप असं असतं, परदेशातून आलेल्या डब्यांत ते वेगळं असू शकतं. कंपनी बदलली तर स्कूपही त्याच डब्यातला वापरा. पावडर दाबून भरायची नाही, चाकूच्या पाठीने सपाट करायची. ६० मिली पाण्यात दोन स्कूप घातले की तयार दूध साठहून थोडं जास्त भरतं. ते बरोबरच आहे, वरचं ओतून टाकू नका.

४. झाकण लावून हलवा, नळाखाली धरून गार करा, मनगटाच्या आतल्या बाजूला दोन थेंब टाकून बघा. ७० अंशांचं दूध भाजतं, त्यामुळे ही पायरी झोपेतही चुकवायची नाही. मायक्रोवेव्ह वापरायचा नाही. बाहेरून कोमट लागणाऱ्या दुधात आत एखादा भाग कढत असतो.

५. कालवल्यापासून दोन तासांत संपवा. बाळाचं तोंड लागल्यापासून मात्र एकच तास, मग उरलेलं फेका. महाग आहे म्हणून ठेवलेलं उष्टं दूध मेच्या उकाड्यात जुलाबाला आमंत्रण देतं.

उघडलेला डबा कोरड्या जागी, फ्रिजबाहेर ठेवा. झाकणावर तारीख टाका आणि डब्यावर दिलेल्या मुदतीत संपवा. ती बहुधा तीन-चार आठवड्यांची असते.

काढलेलं दूध आणि तयार फॉर्म्युला एकाच बाटलीत चालतात, पण आधी काढलेलं दूध स्वतंत्र द्या आणि मग फॉर्म्युला. बाळाने अर्ध्यावर सोडलं तर डब्याचं फेकलं जाईल, आईचं नाही. पाण्याऐवजी काढलेल्या दुधात पावडर मात्र कधीच कालवू नका. मिश्रण फार घट्ट होतं आणि बाळाच्या मूत्रपिंडावर ताण येतो.

बाटली पाजताना

बाळाचं ‘अंगावर येत नाही’ बहुतेकदा बाटलीच्या वेगातून येतं. छातीतून दूध यायला मिनिटभर ओढावं लागतं, बाटली उलटी केली की धार लागते. म्हणून सर्वांत मंद धारेचं निपल घ्या आणि बाळ मोठं झालं तरी बदलायची घाई करू नका. बाळ जवळजवळ बसतं धरा, बाटली जमिनीला समांतर, निपलमध्ये दूध राहील इतकीच तिरपी. निपल ओठांना टेकवून बाळाने तोंड उघडायची वाट बघा. दर २०-३० मिलीनंतर बाटली खाली करून थोडा विसावा द्या, ढेकर काढा. एक पाळी १५-२० मिनिटं चालायला हवी. पाच मिनिटांत ९० मिली संपत असतील तर धार जास्त आहे. बाळाने तोंड फिरवलं, मूठ सैल सोडली, की थांबायचं. तळाचे १० मिली संपवायचा हट्ट नको. उशीचा आधार देऊन बाटली टेकवून ठेवायची नाही, ठसका लागतो.

तरीही बाळ छातीशी आलं की रडत असेल, तर भूक अनावर व्हायच्या आधी, अर्धवट झोपेत, कपड्यांविना अंगाशी घेऊन प्रयत्न करा. आधी १०-१५ मिली बाटलीने देऊन भूक जरा शमवा, मग अंगावर घ्या. छाती दाबून आधीच धार आणून ठेवली तरी बरीच बाळं धरतात.

नेहमी होणाऱ्या चुका

डबा पुरवायला पावडर कमी घालणं ही सर्वांत घातक. पोट पाण्याने भरतं, वजन वाढत नाही, रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. उलट ‘बाळसं धरावं’ म्हणून एक स्कूप जास्त घातला, तर शौच खडा होतो आणि अंगातलं पाणी कमी पडतं. साखर, भाताची पेज, साबुदाण्याचं पाणी, बिस्कीट, मध यांपैकी काही मिसळायचं नाही. पाणी घातलेलं गाईचं दूध स्वस्त पडतं, पण वर्षाच्या आत मुख्य दूध म्हणून ते चालत नाही. त्यात लोह कमी, प्रथिनं आणि क्षार बाळाला जड. सहा महिन्यांपर्यंत वेगळं पाणी, घुटी, ग्राइपवॉटरही नको. मिश्र दुधावरच्या बाळालाही रोज ४०० युनिट ‘ड’ जीवनसत्त्वाचे थेंब लागतात, ते फॉर्म्युला सुरू केला म्हणून बंद करायचे नाहीत.

वरचं दूध सुरू झालं की शौच घट्ट, तपकिरी आणि वासाची होते. हिरवट झाली तरी हरकत नाही. शौचात रक्त, अंगावर पुरळ आणि सारख्या उलट्या असं एकत्र दिसलं तर गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असू शकते. अशा वेळी स्वतःच्या मनाने डबे बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बाळ पाजायलाही उठत नाही, शू खूप कमी झाली, टाळू खोल गेली, तळहात-तळपाय पिवळे दिसतात, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप आहे, तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा.

कामावर जाताना

रुजू होण्याच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा. अंगावर पिणारं बाळ आई नसताना तासाला साधारण ३० मिली घेतं. प्रवास धरून नऊ तास बाहेर असाल तर २७० मिलीची सोय हवी, म्हणजे ९० मिलीच्या तीन पाळ्या. ऑफिसात दोनदा काढता आलं तर यातलं बरंचसं स्वतःचंच निघतं आणि फॉर्म्युला एका पाळीपुरता उरतो. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत बाहेर चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. नागपूर-सोलापूरच्या उन्हाळ्यात बाहेरचे चार तास धरू नका. बर्फाच्या पिशव्या घातलेल्या थर्मल बॅगेत ठेवा. निघण्यापूर्वी एकदा अंगावर, घरात पाऊल टाकताच पुन्हा अंगावर. बाळ सांभाळणारीला सांगून ठेवा की परतायच्या आधीच्या तासात बाटली द्यायची नाही, अगदीच रडलं तर ३० मिली.

वरचं कमी करताना

वजन दोन आठवडे चांगलं वाढलं की दिवसभराच्या वरच्या दुधातून ३० मिली कमी करा. सकाळची पाळी आधी घ्या, तेव्हा छाती भरलेली असते. संध्याकाळची सर्वांत शेवटी. तीन-चार दिवस शूच्या लंगोटांकडे लक्ष, आठवड्याने वजन. ठीक असेल तर आणखी ३० कमी. वजन अडलं तर मागच्या पायरीवर परत. कधी कधी १५० मिलीवरून ९० वर येऊन गाडी तिथेच थांबते. मग ९० मिली द्या आणि बाकीचं अंगावर पाजत राहा, ते दूध काही वाया जात नाही.

एक गोष्ट दवाखान्यात बहुधा सांगायची राहते. ‘अंगावर पाजतेय तोवर दिवस राहत नाहीत’ हा भरवसा बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, आईची मासिक पाळी सुरू झालेली नसेल आणि बाळ रात्रंदिवस फक्त अंगावर असेल, तरच धरता येतो. वरचं दूध सुरू झालं की तो धरू नका. पाळी आली नसली तरी गर्भनिरोधनाचं त्याच भेटीत विचारून घ्या.